दगडांचा पहिला जमाखर्च

थळच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की काळ्या खडकांच्या ओळी एकामागून एक पाण्याबाहेर डोकी काढतात. समोर उंदेरी, तिच्या पलीकडे खांदेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि इंग्रज व सिद्दी ह्या दोघांची झोप उडवली. लगेच पुढच्या वर्षी सिद्दीने उंदेरी बळकावली. ह्या लढायांचे वर्णन वाचकांना नवे नाही. खांदेरीवर एक दगड आहे. दुसऱ्या दगडाने त्यावर ठोकले की भांड्यासारखा नाद निघतो. जाणारा प्रत्येक जण तो वाजवून पाहतो, हसतो आणि नावेत बसून परत येतो.

परंतु तो दगड मुळात आहे कशाचा? थळचा खडक, खांदेरीचा खडक आणि पाठीमागच्या सह्याद्रीचा कडा हे एकाच जातीचे कशावरून? आणि ती जात थेट नागपूरपर्यंत पसरली आहे हे पहिल्याने जुळवले कोणी? ह्या प्रश्नांचे उत्तर एका माणसाने डोंगर हिंडून मिळालेले नाही. एका खंडाएवढा मुलूख पायी तुडवायला एक जन्म पुरत नाही. त्यासाठी दहा जणांनी दहा ठिकाणी पाहिलेले एका मेजावर आणावे लागते, ताडून पाहावे लागते आणि त्याचा ताळेबंद मांडावा लागतो. हे काम दिसायला कारकुनी, पण कारकुनाच्या हातून होणारे नव्हे. पश्चिम हिंदुस्थानात ते प्रथम मुंबईच्या एका डॉक्टरने केले.

तुकड्या-तुकड्यांचे ज्ञान

गेल्याच्या गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे खडकांचा अभ्यास करणारी माणसे होती, पण तो कोणाचाच धंदा नव्हता. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारचा माहिती गोळा करणारा अधिकारी. दख्खनचे पीकपाणी, पक्षी, वस्ती ह्यांच्या नोंदी करताना त्याने डोंगरांचे आडवे थरही पाहिले आणि १८३३ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे त्यावर निबंध वाचला. कॅप्टन ग्रँटने कच्छ पाहिला, कॅप्टन व्हिकरीने सिंध. माल्कमसन हा मद्रासकडचा डॉक्टर. त्याने दख्खनच्या पूर्व भागात खडकांच्या मधल्या थरांत गोड्या पाण्यातले शंख शोधले. नागपुरात हिस्लॉप आणि हंटर हे मिशनरी धर्मप्रसारातून वेळ काढून जीवाश्म वेचीत होते.

ह्या छंदाची किंमतही मोठी होती. माल्कमसन १८४४ साली खानदेशात दगावला. हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहून परतताना नदीत बुडाला. अशा माणसांचे लेख कोठे लंडनच्या, कोठे कलकत्त्याच्या, कोठे मुंबईच्या नियतकालिकांत विखुरलेले. एकाने लिहिलेले दुसऱ्याला वर्षानुवर्षे ठाऊक नसे. लिहिणारा गेला की त्याचे पाहणेही त्याच्याबरोबर गेल्यासारखे होई.

गलबतावरचा डॉक्टर

हेन्री जॉन कार्टर १८१३ साली इंग्लंडात डेव्हन परगण्यात जन्मला आणि १८४२ मध्ये कंपनी सरकारचा सहायक शल्यवैद्य म्हणून मुंबईस आला. मुंबईत दोन डॉक्टर कार्टर होऊन गेले, त्यांची गल्लत होऊ नये. शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारा तो व्हॅनडाइक कार्टर. तो १८५८ साली आला. आपला कार्टर त्याच्या आधीचा. ‘पॅलिन्युरस’ नावाच्या पाहणी-गलबतावर वैद्य म्हणून तो अरबस्तानच्या किनाऱ्याने फिरला. खलाशांच्या नाड्या पाहता पाहता त्याने किनाऱ्याचे कडेही पाहिले, आणि परतल्यावर त्यांवर लिहिले.

मुंबईत टाउन हॉलमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा होती. कार्टर तिचा चिटणीस झाला. संस्थेचे पुस्तकालय, तिचे नियतकालिक आणि तिच्याकडे गावोगावहून येणारी पत्रे ह्या तिन्ही गोष्टी त्याच्या हाताशी आल्या. १८५४ च्या सुमारास त्याने गंगा, सिंधू आणि कन्याकुमारी ह्यांच्या दरम्यानच्या मुलखाच्या भूरचनेचा सारांश लिहिला. पुढे सरकारने पश्चिम हिंदुस्थानच्या भूरचनेवरचे लेख एकत्र छापण्याचे काम त्याच्याकडेच सोपवले. १८५७ साली भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून तो जाडजूड ग्रंथ बाहेर पडला. सोबत नकाशांचा व आकृत्यांचा वेगळा खंड होता, आणि शेवटी सगळ्या हिंदुस्थानचा तो सारांश जोडला होता. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असताना मुंबईत कोणी दगडांचे लेख छापून काढीत होते, हे आज वाचताना नवल वाटते.

बेडूक आणि कासव

अशा जुळवाजुळवीने काय साधते ते एका उदाहरणाने सांगतो. मुंबईत वरळीच्या बाजूला काळ्या खडकाखालच्या मातकट थरात बोटाच्या पेरात मावतील असे बेडकांचे सांगाडे सापडले. लंडनच्या ओवेन ह्या पंडिताने १८४७ साली त्यांचे वर्णन केले. त्याच थरांत एक कासवही मिळाले. १८५२ साली कार्टरने ते वर्णिले आणि डॉक्टर लीथ ह्यांचे नाव त्यास दिले. पुढे विसाव्या शतकात त्या कासवाच्या कुळाला कार्टरचे नाव मिळाले. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘कार्टरेमिस लीथाय’ असे आहे. एका कासवाच्या पाठीवर दोन डॉक्टर!

एकटा बेडूक काही सांगत नाही. पण मुंबईचा बेडूक आणि माल्कमसन-हिस्लॉप ह्यांचे शंख शेजारी-शेजारी ठेवले की गोष्ट उलगडू लागते. बेडकाला गोडे पाणी लागते, गोगलगाईलाही. म्हणजे एका लाव्ह्याचा पूर थिजल्यावर दुसरा येईतो इतका काळ गेला की मध्ये तळी साचली, त्यांत वनस्पती वाढल्या, जीव नांदले. मग पुन्हा आग आली. आपला सह्याद्री हा एका दमात उभा राहिलेला नाही, थांबत-थांबत उभा राहिला आहे. हे वाक्य कोणा एकाला लिहिता आले नसते. ते शेकडो मैल दूर असलेल्या, एकमेकांना न भेटलेल्या माणसांच्या टिपणांमधून निघाले.

संकलकाची डोकेदुखी

काम वाटते तितके सोपे नव्हते. पहिली अडचण नावांची. एकाच काळ्या दगडाला कोणी बसाल्ट म्हणे, कोणी ग्रीनस्टोन, कोणी ट्रॅप. ह्यांपैकी ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला. पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर पाहून तो दिला गेला, आणि लोहगड-राजमाची पाहिलेल्या माणसाला तो लगेच पटेल. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव बुकानन ह्याने १८०७ साली मलबारातला दगड पाहून दिले. पण पुढे तांबडी दिसेल ती माती त्या नावाखाली जाऊ लागली.

दुसरी अडचण श्रेयाची. कोणाचे पाहणे आधीचे, कोणाचा केवळ तर्क, हे निवडून ज्याचे माप त्याच्या पदरात घालायचे. तिसरी, मोकळ्या जागांची. दोन लेखकांच्या मुलखांमध्ये कोणीच न पाहिलेला पट्टा राहतो. तो अंदाजाने रंगवून टाकण्याचा मोह फार असतो. आणि चौथी अडचण अशी, की वेगळ्या गोष्टी एक मानल्या जातात. त्या काळी मुंबईचे आणि नागपूरचे तळ्यांचे थर एकाच युगातले समजण्याकडे कल होता. आज मुंबईचे थर नागपूरकडच्यांहून तरुण मानले जातात.

कार्टर १८५९ साली रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, थोड्याच वर्षांत मायदेशी परतला आणि उरलेले आयुष्य त्याने समुद्रातील स्पंजांच्या अभ्यासात घालवले. १८९५ साली तो वारला.

गोंडवनाची वाट व्हिएन्नाकडे

दरम्यान १८५१ साली सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झाले होते. थॉमस ओल्डहॅम त्याचा प्रमुख. आता हौशी डॉक्टरांची जागा पगारी भूवैज्ञानिकांनी घेतली. त्यांच्या पाहण्यांचे सार मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड ह्यांनी १८७९ साली हिंदुस्थानच्या भूरचनेच्या ‘मॅन्युअल’मध्ये आणले. १८९३ साली रिचर्ड ओल्डहॅमने त्याची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. तिसरी आवृत्ती सर एडविन पॅस्को ह्यांच्या हयातीत निघू शकली नाही. ते १९४९ साली वारले आणि पहिला भाग १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. एका ग्रंथाने माणसाचे आयुष्य कसे खावे ह्याचे हे उदाहरण आहे. मधल्या काळात, १९१९ साली, सुरतेत जन्मलेले दाराशा वाडिया ह्यांनी एकट्याने लिहिलेला भारताच्या भूरचनेचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या पिढ्यानपिढ्या वापरात राहिला.

ह्या सारांशांचा सर्वांत मोठा प्रताप मात्र परदेशात दिसला. मध्य प्रांतातल्या गोंडांच्या मुलखावरून मेडलिकॉटने तिथल्या कोळशाच्या थरांना ‘गोंडवन’ नाव दिले होते. ओरिसात तालचेर येथे ब्लॅनफर्ड आदींना बर्फाने वाहून आणल्यासारखे गोटे १८५६ सालीच दिसले होते. व्हिएन्नाचा पंडित एडुअर्ड सूस ह्याने भारत, आफ्रिका आणि इतर भूखंडांवरचे अहवाल एकत्र वाचले, आणि एके काळी हे सारे एकच भूखंड असावे असे मांडले. त्या महाखंडाला त्याने ‘गोंडवनभूमी’ म्हटले. आमच्या गोंडांचे नाव आज जगातल्या प्रत्येक भूशास्त्राच्या पुस्तकात आहे, ते असे.

घाटातली बाराखडी

आपल्या काळ्या खडकाचा पुढचा मोठा ताळेबंद स्वातंत्र्यानंतर मांडला गेला, आणि तो आपल्याच माणसांनी. १९५८ साली बंगळूरला जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. १९८१ साली तिने दख्खनच्या ज्वालामुखीवरील निबंधांचा खंड काढला. त्याचे संपादक मुंबईच्या झेवियर महाविद्यालयाचे प्रा. सुखेसवाला आणि पवईच्या आय. आय. टी.चे प्रा. सुब्बाराव. पुढे सुब्बारावांनीच १९८८ आणि १९९९ मध्ये आणखी खंड संपादित केले.

ह्या काळात घाटरस्त्यांच्या कडेने दगडांचे नमुने काढून त्यांचे रासायनिक पृथक्करण झाले. डोळ्यांना सारखे दिसणारे थर रसायनांनी वेगळे ओळखू येऊ लागले. त्यांना नावे मिळाली ती आपल्याच गावांची: नेरळ, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर मुलूख आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा काळ, हे आज सर्वमान्य झालेले आकडे अशा अनेक हातांच्या कामातून आले.

थळच्या खडकाचा पत्ताही येथेच लागतो. घाटावर थर आडवे आहेत; पनवेलच्या आसपासून पश्चिमेला मात्र ते समुद्राकडे कलंडतात. पश्चिम भूखंड फुटून सेशेल्सकडचा तुकडा दूर सरकला, तेव्हाच्या ओढाताणीशी हे वाकणे जोडले जाते. किनाऱ्यालगत भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंतीही आढळतात. ऑडेन ह्याने १९४९ साली पश्चिम भारतातल्या अशा भिंतींवर लिहिले होते.

ग्रंथात शिरलेली चूक

सारांशग्रंथात एक धोका असतो. तो सर्वांच्या हाती जातो, म्हणून त्यातले गृहीतही सर्वांच्या गळी उतरते. दख्खनचे पठार हा पुरातन, स्थिर प्रदेश, येथे मोठ्या भूकंपाचे भय नाही, असे पिढ्यानपिढ्या शिकवले गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी कोसळली आणि हजारो गेली. लाव्ह्याच्या जाड पांघरुणाखाली काय आहे ते कोणी पाहिलेच नव्हते. पुढे कोयना भागात खोल छिद्रे पाडली, तेव्हा हजार मीटरच्या आगेमागे काळा खडक संपून थेट ग्रॅनाइट लागला. म्हणजे नकाशातली मोकळी जागा रंगवून टाकण्याचा मोह कार्टरच्या काळापुरता नव्हता. ‘येथे कोणी पाहिलेले नाही’ एवढे वाक्य वेळेवर लिहिणे हे संकलकाचे पहिले कर्तव्य, आणि ते किती मोलाचे असते हे महाराष्ट्राने मोठी किंमत देऊन शिकले आहे.

आपली भाषा, आपला दगड

मराठीत हे काम वाईला झाले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्या कोशात ‘दक्षिण ट्रॅप’ आणि ‘जांभा’ ह्या नोंदी आहेत. संस्कृत शिकलेल्या पंडिताने भूशास्त्रज्ञांकडून नोंदी मागवाव्या, परिभाषा ठरवावी, हे कार्टरच्याच परंपरेतले काम.

एक वही मात्र अजून कोरी आहे. समुद्रातल्या खडकाला कोळी ‘खडप’ म्हणतात. वाळू आणि शिंपले चिकटून झालेल्या दगडाला कोकणात ‘करल’ म्हणतात, घट्ट काळ्याला ‘काळवथर’. कोणता दगड विहिरीला पाणी देतो, कोणता फोडला तर गोड्या पाण्यात खारे मिसळते, हे विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. ही माणसे निबंध लिहीत नाहीत, म्हणून त्यांचे पाहणे कोणत्याही खंडात आलेले नाही. खांदेरी २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. आता तिथे माणसे अधिक येतील आणि तो नादाचा दगड अधिक वाजेल. किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळामास्तराने मुलांना वही देऊन असे शंभर शब्द जमा करायला लावले आणि प्रत्येक शब्दापुढे दगडाचा एक तुकडा ठेवला, तर पुढच्या कार्टरला कोऱ्या कागदावरून सुरुवात करावी लागणार नाही.