विश्लेषण : बडगाममध्ये आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने कसे पडले?

२७ फेब्रुवारी २०१९. बालाकोट कारवाईचा दुसरा दिवस. सकाळी पाकिस्तानी विमाने नौशेराकडे चाल करून आली, तेव्हा श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे ‘एमआय-१७’ हवेतच होते. त्याला माघारी बोलावले गेले. परतताना श्रीनगर तळावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने ते बडगाममध्ये कोसळले. नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे यांच्यासह हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले.

चूक कुठे झाली? रडारवर दिसणारा ठिपका आपला की शत्रूचा, हे विमानातील यंत्रणा सांकेतिक उत्तर देऊन कळवते. ती बंद होती, असे चौकशीत आढळले. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याची कबुली दिली. अचानक हल्ला झाला की निर्णय क्षणात घ्यावा लागतो. तेव्हा हे उत्तरच आपल्या माणसांचे कवच असते.