निवळ पाणी आणि शुद्ध पाणी

पावसाळ्याच्या पहिल्या पुराबरोबर नदीचे पाणी गढूळ होते. घडा रात्रभर निश्चल ठेवला तरी सकाळी वरचे पाणी तांबूसच दिसते. असे का व्हावे? मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. सारख्या भाराचे कण परस्परांस दूर लोटतात. म्हणून ते एकत्र येऊन जड होत नाहीत आणि तळाशीही बसत नाहीत.

यावरचा तोडगा आमच्या पूर्वजांना झाडांत सापडला. निवळीचे बी घड्याच्या आतल्या अंगास घासावे आणि मग पाणी भरावे, ही जुनी रीत. पाणी निवळविणाऱ्या द्रव्यांत सुश्रुतसंहितेने या बीची, म्हणजे कतकाची, गणना केली आहे. कतकाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टांत मनुस्मृतीतही आढळतो.

आपल्या परसातला शेवगाही हेच काम करतो. सुदानमध्ये नाईलकाठच्या स्त्रिया शेवग्याच्या बिया वापरून नदीचे गढूळ पाणी निवळीत आल्या आहेत. या बियांत पाण्यात विरघळणारी धनभारित प्रथिने असतात. ती मातीच्या कणांचा ऋणभार नाहीसा करतात. मग कणांचे पुंजके बनतात व खाली बसतात. तुरटीचे कार्यही याच जातीचे.

कृती सोपी आहे. झाडावर पिकून वाळलेल्या शेंगांतील बिया सोलून बारीक कुटाव्यात. बेताच्या गढूळ पाण्यास २ लिटरमागे १ बी, फार गढूळ असल्यास लिटरमागे १ ते २ बिया घ्याव्यात. पूड थोड्या पाण्यात कालवून फडक्याने गाळावी व ते पाणी घड्यात ओतावे. प्रथम मिनिटभर जोराने आणि नंतर ५ ते १० मिनिटे सावकाश ढवळावे. तासा-दोन तासांनी वरचे पाणी अलगद काढून घ्यावे.

आता खरी सावधगिरीची गोष्ट. गाळाबरोबर पुष्कळसे जंतू खाली जातात, पण सगळे जात नाहीत. शिवाय बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उरतो. त्यावर राहिलेले जंतू पुन्हा वाढतात. पाण्यात विरघळलेले नायट्रेट किंवा फ्लोराइड या उपायाने दूर होईल, असा भरवसा धरता येत नाही. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा वास व रंग शोषून घेतो. जंतुनाशाचे काम त्याच्यावरही सोपविता येत नाही.

डोळ्यांना निवळ दिसणारे पाणी लहान मुलाला अतिसाराने अंथरुणास खिळवू शकते. म्हणून शेवग्याने निवळलेले पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. पाणी निवळले म्हणजे उकळण्याचे काम सोपे होते. ते टळत नाही, एवढे घरोघर समजले तरी पुष्कळ झाले, असे आम्हांस वाटते.