सुतात आणलेला प्रकाश

चिलीतील व्हेरा रूबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या छायाचित्रांचे बहुतेक श्रेय ३,२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला मिळाले, परंतु ८.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा, इतर आरसे आणि भिंगे एकमेकांशी नेमकी जुळवलेली नसती, तर त्या कॅमेऱ्याने केवळ फराटे टिपले असते. या जुळवणीला इंग्रजीत ‘कॉलिमेट’ करणे म्हणतात आणि पसरत जाणारे किरण समांतर करणे हाही त्याच क्रियापदाचा अर्थ आहे. फोकस करणे म्हणजे किरण एका बिंदूत आणणे. कॉलिमेट करणे ही त्याआधीची पायरी, कारण आरसा किंचित कलला तरी तारा ठिपक्याऐवजी शेपटीसारखा ओघळलेला दिसतो आणि फोकसचे चाक कितीही फिरवले तरी ती शेपटी जात नाही.

हे क्रियापद मात्र वाचनातील चुकीतून जन्मले. ‘कॉलिनेआरे’ म्हणजे नेम सरळ रेषेत धरणे, आणि रोमन वक्ता सिसरोने हे लॅटिन क्रियापद नेमबाजीच्या संदर्भात वापरले होते. मध्ययुगीन हस्तलिखितांत लॅटिनची काही अक्षरे सारख्याच आखूड दांड्यांनी लिहिली जात, त्यामुळे जुन्या पोथ्यांत ‘ख’ आणि ‘रव’ यांची होते तशी गल्लत तेथेही सहज होई. सिसरोच्या काही आवृत्त्यांत ‘कॉलिमारे’ असे चुकीचे रूप उतरले, आणि योहानेस केप्लरने १६०४ च्या प्रकाशविषयक ग्रंथात तेच स्वीकारले. चूल असा अर्थ असलेला ‘फोकस’ हा लॅटिन शब्दही त्याने याच ग्रंथात भूमितीतील नाभीसाठी योजला.

चुकीने पुसल्या गेलेल्या मूळ रूपात ‘लिनेआ’ होती, म्हणजे रेषा, आणि रेषेच्याही आधी जवसाच्या धाग्याची दोरी. मराठी गवंडी भिंत उभारताना सूत धरतो आणि ‘सुतासारखा सरळ’ हा प्रयोग घरोघरी चालतो, तेव्हा ‘संरेखन’ किंवा ‘समांतरण’ अशा घडवलेल्या संज्ञांपेक्षा ‘सुतात आणणे’ हेच या क्रियापदाचे खरे मराठी रूप ठरते.

या शब्दाची गरज केवळ खगोलप्रेमींना नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभाट्रॉन’ या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्रातही कॉलिमेटर असतो. गॅमा किरण आरशाने वळवता येत नाहीत, म्हणून जड धातूच्या ठोकळ्यांनी आडवेतिडवे किरण अडवून गाठीपुरताच झोत सोडला जातो. यंत्राखाली निजलेल्या रुग्णाला, झोत सुतात धरला आहे, एवढे सांगितले तरी ते नेमके कळते.