छातीवर मिरवायचं अक्षर

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही कला महाविद्यालयाच्या फाटकाशी थोडा वेळ थांबलं, की देवनागरी कशी अंगाखांद्यावर खेळते आहे ते दिसतं. टी-शर्टवर ठसठशीत ‘ळ’, कापडी पिशवीवर ‘निवांत’, वहीच्या पुठ्ठ्यावर ब्रशपेनानं रेखलेलं स्वतःचं नाव. आपली लिपी या मुलांना देखणी वाटते, याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच तिची आबाळ झालेली दिसली की जास्त लागतं.

सगळ्यात जास्त दिसणारा दोष शिरोरेघेचा. इंग्रजी अक्षरांत मोकळी जागा सोडणं सध्या फॅशनमध्ये आहे. तीच युक्ती देवनागरीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. दुसरा दोष ह्रस्व वेलांटीचा. ‘शिवाजी’ लिहिताना ‘शि’ची वेलांटी आपण व्यंजनानंतर टंकतो, पण ती दिसायला हवी व्यंजनाच्या आधी. ही अदलाबदल सॉफ्टवेअरनं करायची असते. काही डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी भारतीय लिप्यांची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही, तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि छपाईवाला आहे ते तसंच छापून देतो.

‘ल’ आणि ‘श’ यांचं प्रकरण याहून नाजूक. मराठी वळण पाकळीयुक्त ‘ल’चं आणि देठयुक्त ‘श’चं. राज्य शासनानं २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेतही हीच रूपं आहेत. संगणकाच्या लेखी मात्र मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ एकच. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल आणि मजकुराची भाषा मराठी अशी निवडली असेल, तरच ते सहसा उमटतं. ‘मराठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक टी-शर्टांवर हिंदी वळणाचा ‘ल’ असतो, तो यामुळे.

अक्षराचा जाड-बारीकपणाही मनाला येईल तसा ठरत नाही. तो आला बोरूच्या तिरक्या कापातून. देवनागरीत वरून डावीकडे उतरणारी रेघ जाड आणि उजवीकडे उतरणारी बारीक. रोमन लिपीत नेमकं उलट. रोमनच्या कापाचं निब घेऊन देवनागरी गिरवली, की अक्षर ओळखू येतं पण परकं वाटतं. दोन्ही एकदा कागदावर उतरवून पाहिलं की हा फरक हाताला समजतो. वाचून तो तितका समजत नाही.

ही जाण असलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं अशी रेखली, की नाटकाचा स्वभाव अक्षरांतूनच कळावा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि लक्षावधी लोकांनी संगणकावर पहिली देवनागरी त्यातच वाचली. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेनं केलेले ‘मुक्त’, ‘बलू’ आणि गुबगुबीत ‘मोदक’ हे फॉन्ट कोणालाही फुकट उतरवून घेता येतात, व्यावसायिक कामातही वापरता येतात. तेव्हा चांगला फॉन्ट परवडत नाही, ही सबब आता उरलेली नाही. देवनागरी फॉन्ट म्हणजे जोडाक्षरांसकट शेकडो आकृत्या, आणि त्यातली एकेक कोणीतरी नजर रोखून बसवलेली असते. ते काम वापरताना निदान शिरोरेघ तरी तोडू नये.

पुढचा टी-शर्ट छापायला टाकण्याआधी एवढं करा: शब्द आधी बोरूनं किंवा तिरक्या कापाच्या पेनानं हातानं लिहा, मग पडद्यावर मांडा, आणि नमुना हातात आला की ‘ल’, ‘श’ आणि वेलांट्या बोट ठेवून तपासा. चूक दिसली तर छपाई थांबवा.