ब्लॉकेज नाही, तरी अटॅक

एका वाचकाचा प्रश्न: कोलेस्टेरॉल आटोक्यात, मधुमेह नाही, तंबाखू नाही, तरी पंचेचाळिशीच्या बाईला हार्ट अटॅक येतोच कसा? अशा वेळी डॉक्टरांच्या डोक्यात ‘स्कॅड’ यायला हवा. यात हृदयाच्या धमनीची भिंत आपोआप उकलते, थरांत रक्त साचतं आणि वाट बंद होते. दहातले सुमारे नऊ रुग्ण बायका असतात.

पहिली नोंद १९३१ ची, ब्रिटनच्या हॅरॉल्ड प्रेटी यांची: ४२ वर्षांची बाई, निदान शवविच्छेदनात. पुढे अनेक दशकं हा आजार ‘अतिदुर्मीळ’ राहिला. अँजिओग्राफीत धमनी अनेकदा नुसती निमुळती दिसते. शोधलंच नाही तर सापडणार काय? अमेरिकेत रुग्ण बायकांनीच इंटरनेटवर एकमेकींना गाठलं आणि मेयो क्लिनिकच्या डॉ. शॅरोन हेज यांना संशोधनाला लावलं.

आधी वाटायचं, आतलं अस्तर फाटतं आणि रक्त भिंतीत शिरतं. धमनीच्या आत प्रकाशाचा झोत सोडून पाहिल्यावर अनेकींचं अस्तर शाबूत निघालं. ओल मुरून गिलावा फुगावा, तशी भिंत आतूनच फुगली होती. संशय आहे भिंतीतल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांवर. (हो, धमन्यांनाही स्वतःच्या धमन्या असतात!)

पण त्या का फुटतात? बऱ्याच जणींच्या मानेच्या किंवा मूत्रपिंडाच्या धमन्यांतही ‘फायब्रोमस्क्युलर डिसप्लेजिया’ हा भिंतीचा दोष आढळतो. काहींना बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्रास होतो, म्हणून संप्रेरकांवर बोट. मार्फानसारखे आनुवंशिक आजार मोजक्याच जणींत. मोठा मानसिक धक्का किंवा अवजड ओझं उचलणं हे निमित्त ठरतं, कारण नव्हे. ‘टेन्शन घेतलंत’ म्हणून बाईला घरी पाठवणं मात्र फार सोपं असतं.

मला सर्वांत चक्रावणारा वाटतो तो २०१९ चा जनुकीय शोध. पीएचएसीटीआर-१ या जनुकाजवळचं जे रूप स्कॅडची आणि मायग्रेनचीही शक्यता वाढवतं, तेच चरबीच्या ब्लॉकेजची शक्यता घटवतं! पण म्हणून कुणी जनुकचाचणी विकायला आलं तर पैसे वाचवा. हे रूप इतकं सर्रास आढळतं की त्यावरून एखादीचं भाकीत करता येत नाही.

निदान अचूक होणं मात्र मोलाचं. बहुतेक धमन्या काही महिन्यांत आपोआप भरून येतात. घाईने स्टेंट घातला, तर साचलेलं रक्त भिंतीत आणखी पुढे सरकू शकतं.