नोंद पडद्यावर येते कशी?

निफाड-सिन्नरकडचा सातबारा ‘महाभूलेख’वर पाहताना जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक वगैरे तपशील भरले की नोंद पडद्यावर येते. असे पान बनवू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे चार शब्द. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली रचलेल्या जावास्क्रिप्टमधील ‘ऑब्जेक्ट’ म्हणजे आम्हा कारकुनांच्या भाषेत रजिस्टरातील एक नोंद. प्रत्येक रकान्याला नाव, त्यापुढे मजकूर. अख्खी नोंद पानावर टाकली, तर नुसते ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ उमटते. घाबरू नये, माहिती शाबूत असते. रकान्याचे नाव घेऊन एकेक मजकूर मागावा आणि ‘टेक्स्टकंटेंट’ने पानावर ठेवावा. ‘इनरएचटीएमएल’ सोयीचे वाटते खरे. पण ते आलेल्या मजकुरालाच पानाची रचना समजते. नावाच्या रकान्यात कुणी खोडसाळपणे कोड भरला, तर पाहणाऱ्याच्या संगणकावर तोही चालू शकतो.