झेनॉनचा व्रतभंग

आर्गॉन, निऑन, झेनॉन इत्यादि वायु कोणत्याहि मूलद्रव्याशीं संयोग पावत नाहींत, हें विधान एके काळीं शाळकरी मुलांसहि पाठ असे. त्यास आधारहि भक्कम होता. फ्लुओरीन हा सर्वांत आक्रमक वायु. त्याला वेगळा काढण्याच्या खटपटींत कांहीं संशोधकांनीं प्राणहि गमावले. अखेर १८८६ सालीं पॅरिस येथें आंरी म्वासां यांनीं विजेच्या साहाय्यानें तो मिळविला. पुढें १८९५ सालीं रॅम्से यांनीं नुकताच सांपडलेला आर्गॉन त्यांजकडे पाठविला. म्वासां यांनीं तो फ्लुओरीनबरोबर ठेवून विजेच्या ठिणग्या पाडल्या. पण आर्गॉन ढिम्म हलला नाहीं. फ्लुओरीनलाहि जो बधला नाहीं, तो कोणाला बधणार? 'निष्क्रिय' हें बिरुद मग साऱ्या कुळासच चिकटलें.

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांत नील बार्टलेट हे फ्लुओरीनच्या संयुगांचा अभ्यास करीत होते. प्लॅटिनमच्या एका अणूस फ्लुओरीनचे सहा अणु जोडले म्हणजे प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड होतें. त्याची वाफ गडद तांबडी असते. ही वाफ प्राणवायूच्या रेणूंतूनहि इलेक्ट्रॉन हिसकावून घेते, असें त्यांस आढळलें. प्राणवायु हा वस्तुतः दुसऱ्यांचे इलेक्ट्रॉन घेणारा. त्यालाच लुटणारा भेटला! पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, प्राणवायूच्या रेणूचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास जेवढी शक्ति लागते, जवळजवळ तेवढीच, म्हणजे सुमारें १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, झेनॉनलाहि पुरते. मग प्राणवायूची जी गत झाली ती झेनॉनची कां होऊं नये?

२३ मार्च १९६२ रोजीं सायंकाळीं त्यांनीं एका बाजूस तांबडी वाफ व दुसऱ्या बाजूस रंगहीन झेनॉन ठेवून मधला कांचेचा पडदा फोडला. उष्णता नाहीं, ठिणगी नाहीं. तत्क्षणीं पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. त्याची घटना प्रथम वाटली तितकी सरळ नव्हती, हें पुढें कळलें. पण व्रतभंग झाला तो झालाच. त्याच वर्षीं शिकागोनजीकच्या एका प्रयोगशाळेंत झेनॉन व फ्लुओरीन ४०० अंशांवर तापवून दुसरें संयुग मिळालें. या यशाचें मोलहि द्यावें लागलें: १९६३ सालीं प्रयोग चालू असतां स्फोट होऊन बार्टलेट यांच्या डोळ्यांस कांचांची इजा झाली.

म्वासां यांचा प्रयोग खोटा नव्हता; आर्गॉनविषयीं त्यांनीं पाहिलें तें खरेंच होतें. चूक झाली ती एका वायूवरून साऱ्या कुळाचा निवाडा करण्यांत. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरांत चालते. प्रयोगशाळेंत प्रत्येक शीत निराळें दाबून पाहावें लागतें.